‘आपण माणसात उरलो नाही’ असं वाटणं आणि आत्महत्येचा धोका: यांचा संबंध काय?

(या लेखात आत्महत्येविषयी चर्चा आहे. वाचताना अस्वस्थ वाटलं, तर १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येतं.)

ऊसतोडीच्या कामात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे, टोळी मोजली जाते तीही कोयत्यांवर. फडावर किती माणसं आली हे कुणी विचारत नाही, किती कोयते आले हे विचारतात.

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, राणीसावरगावसारख्या गावात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातली लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं निघतात. मागे राहतात ती म्हातारी माणसं, काही लेकरं आणि कोरडवाहू रानं.

हत्याराच्या नावानं माणूस मोजण्यामागं कुणाचा वाईट हेतू असतोच असं नाही. ती हिशेबाची सोय आहे. पण वर्षानुवर्षं वस्तूसारखा मोजला गेलेला माणूस एक दिवस स्वतःलाही तसंच मोजू लागला तर काय होतं? आत्महत्येचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी गेल्या वीसेक वर्षांत जे मांडलंय, त्यातला बराच भाग या प्रश्नापाशी येऊन थांबतो.

जनावर आणि यंत्र

ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ निक हॅस्लम यांनी २००६ मध्ये एक मांडणी केली. माणसाचं माणूसपण नाकारण्याच्या दोन तऱ्हा असतात, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या तऱ्हेत समोरच्याला जनावराच्या पातळीवर ढकललं जातं. याला अक्कल नाही, रीत नाही, लाज नाही, असं ठरवलं जातं. दुसऱ्या तऱ्हेत त्याला यंत्र मानलं जातं. यालाही मन असेल, हाही थकत असेल, याचंही काही म्हणणं असेल, हे विसरलं जातं.

पहिली तऱ्हा महाराष्ट्राला नवी नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले, तेव्हा त्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, पण अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना होता. म्हणूनच तो लढा पाण्यापुरता नव्हता. ‘माणुसकी’ हा मराठीतला साधा, घरगुती शब्द आंबेडकरी चळवळीत हक्काचा शब्द झाला, तो याच अनुभवातून.

ही तऱ्हा जुन्या काळाबरोबर संपली, असंही नाही. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांचा आत्महत्येनं मृत्यू झाला. त्या आदिवासी तडवी भिल्ल समाजातल्या होत्या. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून सतत अपमान केल्याचा आरोप आहे आणि खटला न्यायालयात आहे. निकाल काय लागायचा तो लागेल. पण शिकून डॉक्टर झाल्यावरही माणसाला त्याच्या ‘जागे’ची आठवण करून दिली जाते, ही तक्रार देशभरातल्या अनेक विद्यार्थ्यांनी तेव्हा मांडली.

दुसरी तऱ्हा, म्हणजे यंत्र मानण्याची, ऊसतोडीत उघड दिसते. कामावर एक दिवस गैरहजर राहिलं की ‘खाडा’ पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. पाळीचा त्रास असो, ताप असो, खाडा तो खाडाच. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं नेमलेल्या समितीपुढं आलेल्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यामागं वैद्यकीय कारणं होती, भीती घालणं होतं, स्वस्त आणि चांगल्या उपचारांचा अभाव होता. पण ‘खाडा नको’ हेही एक कारण म्हणून बायकांनी सांगितलं. यंत्राचा अडथळा आणणारा भाग काढून टाकावा, तसं. या आकड्याचा आत्महत्येशी थेट संबंध नाही. बाहेरच्या जगाची मोजणी माणसाच्या स्वतःच्या शरीराकडं बघण्याच्या नजरेत किती आत शिरते, हे मात्र त्यातून कळतं.

बाहेरची नजर आत कशी शिरते?

किपलिंग विल्यम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं माणसाला वगळलं की काय होतं हे तपासण्यासाठी संगणकावरचा एक खेळ बनवला. खेळ अगदी बाळबोध आहे. पडद्यावर दोन-तीन खेळाडू एकमेकांकडं चेंडू टाकतात. सुरुवातीला चेंडू तुमच्याकडंही येतो, मग यायचा बंद होतो. बाकीचे खेळत राहतात. बस्स, एवढंच. खेळाडू अनोळखी असतात, बक्षीस काही नसतं, तरीही चेंडू न मिळालेल्या माणसाला बोचतं, स्वतःविषयीचं मत खाली येतं.

ब्रॉक बॅस्टियन आणि हॅस्लम यांनी २०१० मध्ये याच्या पुढचं पाऊल टाकलं. वगळल्या गेलेल्या माणसांनी स्वतःला ‘कमी माणूस’ ठरवलं, असं त्यांच्या अभ्यासात दिसलं. समोरचेही आपल्याला कमी माणूसच समजतात, असंही त्यांना वाटत होतं. आणखी एक गंमत, खरं तर गंमत नव्हे: ज्यांनी वगळलं तेही त्यांना कमी माणूस वाटू लागले. म्हणजे अपमान दोन्हीकडचं माणूसपण खातो.

चेंडूच्या खेळात काही मिनिटांत हे घडत असेल, तर गावातल्या पारावर काय घडत असेल याचा अंदाज करता येतो. कर्ज थकलेल्या माणसाला पाहून बोलणं थांबतं. लग्नाची पत्रिका येते, पण जेवायला बस म्हणून आग्रह होत नाही. बँकेत खुर्ची मिळत नाही, दुकानदार उधारीच्या वहीकडं बघत बोलतो. यातली एकही गोष्ट पोलिसात तक्रार करावी अशी नाही. पण चेंडू येत नाही.

नैराश्याच्या आजारात हाच अनुभव आतूनही येतो. आपण दगड झालोय, आतून मेल्यासारखं वाटतं, सगळं करतोय पण जणू दुसरंच कुणी करतंय, असं रुग्ण सांगतात. बाहेरची वागणूक आणि आतला आजार एकमेकांना खतपाणी घालतात. कुठलं आधी आणि कुठलं नंतर, हे सुटं करणं अनेकदा डॉक्टरांनाही अवघड जातं.

‘मी ओझं झालोय’

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये आत्महत्येविषयी एक सिद्धांत मांडला. आज या विषयावरच्या संशोधनात त्याचा उल्लेख टाळता येत नाही. जॉइनर यांचे वडील आत्महत्येनंच गेले होते, त्यामुळं प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता.

त्यांच्या मते आत्महत्येचा विचार दोन भावना एकत्र आल्यावर बळावतो. एक, आपलं कुणी नाही, आपण कुणात नाही. दोन, आपण घरच्यांवर ओझं आहोत. या दोन्हींना ‘हे आता बदलणार नाही’ ही खात्री चिकटली की धोका वाढतो. विचार आणि कृती यांच्यात मात्र अंतर असतं. वेदनेची आणि मृत्यूची भीती बोथट झालेली असेल, तर ते अंतर कमी होतं.

यातली ‘ओझं’ ही भावना नीट बघण्यासारखी आहे, कारण माणूसपण हरवण्याचा धागा तिच्यातून जातो. ओझं वस्तूचं असतं. आपल्या घरात आजारी आई असते, शिकणारा मुलगा असतो, बेकार भाऊ असतो. त्यांच्यावर खर्च होतो, पण आपण त्यांना ओझं म्हणत नाही, माणूस म्हणतो. स्वतःला ओझं समजणारा माणूस स्वतःला या मोजणीतून बाहेर काढतो. तो खर्चाच्या रकान्यात जातो. मग ‘मी नसलो तर यांचं बरं होईल’ हे वाक्य त्याला त्याग वाटू लागतं. हा विचार आजारानं आणि ताणानं घडवलेला असतो, पण ज्याच्या डोक्यात तो असतो त्याला तो साधा बेरीज-वजाबाकीचा हिशेब वाटतो.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठातले रोरी ओ’कॉनर यांची मांडणी थोडी वेगळी आहे. हार आणि अपमान यांतून ‘आता सुटका नाही’ अशी कोंडी तयार होते आणि त्या कोंडीतून आत्महत्येचा विचार येऊ शकतो, असं ते सांगतात.

हे सिद्धांत पुराव्यावर कितपत टिकतात? जॉइनर यांच्या सिद्धांतावरच्या शंभरहून अधिक नमुन्यांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही भावना एकत्र असतील तर आत्महत्येच्या विचारांशी संबंध दिसतो, पण तो फार मोठा नाही, असं त्यात आढळलं. म्हणजे अपमान झाला की आत्महत्या होते, असं सरळ समीकरण नाही. अपमान सोसलेली बहुतेक माणसं जगतात, भांडतात, उभी राहतात. आत्महत्येमागं कधीच एक कारण नसतं. आजार, व्यसन, कर्ज, घरातली हिंसा, दुष्काळ असं बरंच काही एकात एक गुंतलेलं असतं. ‘अमुक म्हणाला म्हणून त्यानं जीव दिला’ अशी बातमी वाचली की म्हणून जरा थांबावं.

इथं कुणी विचारेल, आपल्याकडं तर संतांनीच ‘मी कुणी नाही’ म्हणायला शिकवलं, मग तेही धोक्याचंच का? उत्तर गंगाखेडातच आहे. संत जनाबाईंचं जन्मगाव म्हणून गंगाखेड ओळखलं जातं. जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होत्या आणि आपल्या अभंगांत स्वतःला दासीच म्हणवतात. पण त्या अभंगांत विठ्ठल त्यांच्याबरोबर दळू लागतो आणि जनाबाई त्याच्याशी भांडतात, त्याला चार शब्द सुनावतातही. स्वतःला लहान म्हणणाऱ्या या बाईला कुणीतरी आपलं आहे आणि आपल्या कामाला मोल आहे, याची पक्की खात्री आहे. नम्रता आणि माणसातून उठणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

आकड्यांत कोण बसतं, कोण बसत नाही

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे राज्यांमध्ये सर्वाधिक. शेतकरी आणि शेतमजूर मिळून देशात ११,२९० जणांनी आयुष्य संपवल्याची नोंद आहे, त्यात महाराष्ट्राचा वाटा ४,२४८ जणांचा. व्यवसायानुसार पाहिलं तर सगळ्यात मोठा गट रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा होता: २६.४ टक्के. चर्चा मात्र त्यांची सगळ्यात कमी होते.

नोंदीतही माणूस हरवतो. शेतात राबणारी बाई बहुतेकदा सातबाऱ्यावर नसते. तिचा मृत्यू ‘गृहिणी’ या रकान्यात जातो. ठोक्यानं किंवा बटईनं रान करणाऱ्याच्या नावावर जमीन नसते, मग तो शेतकरी की मजूर, हा प्रश्न मेल्यानंतर विचारला जातो.

मदतीच्या फायलीतही तेच. महाराष्ट्रात आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला सरकार एक लाख रुपये देतं. त्यातले ३० हजार लगेच आणि ७० हजार ठेवीच्या रूपात, अशी पद्धत आहे. त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. जमीन होती का, कर्ज बँकेचं की परवानाधारक सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, हे तपासतात. नाहीतर शेरा पडतो: ‘अपात्र’. तहसीलच्या भाषेत हा शब्द प्रकरणाला लागतो, घरच्यांच्या कानाला तो गेलेल्या माणसाला लागल्यासारखा ऐकू येतो.

आणि ‘मी गेलो तर यांचं ओझं उतरेल’ या हिशेबाचं पुढं काय होतं? महिला किसान अधिकार मंच या संघटनेनं २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत अशा कुटुंबांतल्या ५०५ महिलांची पाहणी केली. सुमारे ४० टक्के महिलांच्या नावावर त्या कसत असलेली जमीन तोवर झालेली नव्हती. देणी राहतात, वारसनोंदीचे खेटे राहतात, लेकरांचं शिक्षण राहतं. ओझं उतरत नाही. ते एकटीच्या खांद्यावर जातं.

बोलण्यातून काय ओळखू येतं?

आत्महत्येच्या विचारात असलेला माणूस ‘मला मरायचंय’ असंच म्हणेल, असं नाही. मराठवाड्यातल्या बोलण्यात हे वेगवेगळ्या वाटांनी येतं. ‘माझ्यामुळं घर बुडालं.’ ‘मी असून नसल्यासारखाच.’ ‘दावणीच्या बैलाला तरी किंमत असते.’ ‘आता तुमचं तुम्ही बघा.’ ही वाक्यं रागात कुणीही बोलतं. पण ती वारंवार यायला लागली, त्याबरोबर झोप उडाली, जेवण सुटलं, माणूस पारावर, देवळात, लग्नात जायचा बंद झाला, दारू वाढली, किंवा अचानक वस्तूंची आणि व्यवहारांची निरवानिरव सुरू झाली, तर ते बोलणं मनावर घ्यावं.

अशा वेळी घरचे बहुतेकदा जे बोलतात, ते नेमकं जखमेवर बसतं. ‘बाईसारखा काय रडतोस’, ‘लोकांची पोरं बघ कुठं गेली’, ‘खायला काळ आणि भुईला भार’. यातलं शेवटचं वाक्य मराठीत इतकं रुळलंय की बोलणाऱ्याला त्याचा अर्थही जाणवत नाही. ऐकणाऱ्याला मात्र तो शब्दशः ऐकू येतो.

मग बोलायचं काय? सरळ विचारायचं. ‘दादा, जीव द्यावा असं मनात येतं का?’ असं विचारल्यानं विचार डोक्यात घुसतो, हा गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनाही तो खोडून काढते. उलट, कुणीतरी विचारलं याचंच अनेकांना हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर भाषण देऊ नये. ऐकावं, एकटं सोडू नये, घरातल्या आणि शेतातल्या घातक वस्तू कुलपात किंवा दुसऱ्याच्या ताब्यात ठेवाव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तीव्र विचाराचा झटका अनेकदा थोडाच वेळ टिकतो. तेवढा वेळ निभावून नेणं फार महत्त्वाचं असतं.

आणखी एक साधी गोष्ट. अशा माणसाला सल्ला देण्याऐवजी त्याच्याकडं सल्ला मागून बघावा. कोणतं बियाणं घ्यावं, बैल कसा आहे, पोरीच्या शाळेचं काय करावं. चेंडू पुन्हा त्याच्याकडं टाकायचा. हा उपचार नव्हे. डॉक्टरपर्यंत जाईतोवर आणि उपचार सुरू असताना घरातून करता येण्याजोगं काम आहे.

गावपातळीवर काय करून पाहिलंय?

२०१५ मध्ये राज्य सरकारनं विदर्भ आणि मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. परभणी त्यात आहे. यात आशाताई घरोघरी जाऊन ठरलेले प्रश्न विचारतात. झोप कशी लागते, कामात मन लागतं का, आपण निकामी आहोत असं वाटतं का, अशा प्रश्नांतून ज्यांना त्रास दिसतो त्यांना समुपदेशक आणि डॉक्टरांकडं पाठवलं जातं. कल्पना चांगली आहे. पण आशाताईंकडं आधीच बाळंतपणं, लसीकरण, क्षयरोग, सर्वेक्षणं आणि मोबाइलवरच्या नोंदी असतात. त्यात हे प्रश्न उंबरठ्यावर उभं राहून घाईत विचारले गेले, तर उत्तरही ‘सगळं बरंय’ असंच येणार.

वेळ देऊन केलेल्या कामाचा परिणाम अमरावती जिल्ह्यात मोजला गेलाय. तिथल्या ३० गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पात गावातल्याच लोकांना मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. त्यांनी गावसभा घेतल्या, घरी जाऊन बोलणं केलं, प्रशिक्षित समुपदेशक आणि डॉक्टर यांची साखळी जोडली. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आलेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं आणि वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. त्या गावांतला पाऊस वाढला नव्हता. बोलणारी माणसं वाढली होती. तरी नैराश्य असलेले चौघांपैकी तिघे तेव्हाही मदतीबाहेरच होते, हेही त्याच आकड्यांत आहे.

पोलिस केस होईल का?

गावात अजूनही ही भीती आहे आणि तिच्यापायी लोक दवाखान्यात जायला उशीर करतात किंवा डॉक्टरला खोटं सांगतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मे २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं, आणि तिची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कायद्यातलं कलम ३०९, ज्यानं प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा होऊ शकत होती, ते नव्या संहितेत नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र आजही गुन्हा आहे.

मदत कुठं मिळते?

‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ हे क्रमांक चोवीस तास चालू असतात, पैसे लागत नाहीत, मराठी निवडता येते. फोन ज्याला त्रास आहे त्यानंच केला पाहिजे असं नाही. काळजीत असलेली बायको, भाऊ, मित्र किंवा शिक्षकही करू शकतात. फोनवर समुपदेशक आधी ऐकून घेतात आणि गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञांशी किंवा जवळच्या सरकारी सेवेशी जोडून देतात. राज्याच्या आरोग्य विभागाचा १०४ हा क्रमांकही आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयात तपासणी आणि औषधं मिळतात. जीवाला तातडीचा धोका असेल तर थेट १०८ किंवा ११२ लावावा. ऊसतोडीसाठी बाहेर गेलेल्यांनाही तिथूनच १४४१६ लावून मराठीत बोलता येतं, त्यासाठी गावी परत येईपर्यंत थांबावं लागत नाही.